बुलेटचा ठोका : जुन्या इंजिनाचा आवाज आणि तो लावणारे मिस्त्री

मराठीत मोटारसायकलला आपण ‘फटफटी’ म्हणतो. शब्दकोशातला हा बहुधा एकमेव वाहनवाचक शब्द असेल, जो गाडीच्या धुराड्यातून आलाय. बैलगाडी, आगगाडी, सायकल, मोटार यांची नावं त्यांना ओढणाऱ्यावरून, इंधनावरून किंवा परक्या भाषेतून आली. या एकाच वाहनाला लोकांनी त्याच्या आवाजावरून नाव दिलं. म्हणजे आपल्याकडे हे यंत्र आधी ऐकलं गेलं आणि मग पाहिलं गेलं, असं म्हणायला हरकत नाही.

प्रस्तुत टिपण या फटफटण्याचं आहे. त्यातही एका विशिष्ट गाडीचं, बिडाच्या इंजिनाची रॉयल एन्फिल्ड बुलेट ३५०. आमच्या बेळगावात आणि बहुधा इंदूर-वडोदऱ्याकडेही हिच्या आवाजाबद्दल दोन पक्ष आहेत. एक म्हणतो, तसा आवाज आता होणे नाही. दुसरा म्हणतो, रात्री अकरा वाजता गल्लीतून ती धडधड गेली की लहान मुलं दचकून उठतात, हा कसला वारसा? माझं म्हणणं असं की हे दोन पक्ष दोन वेगळ्या आवाजांबद्दल भांडतायत. एक आवाज इंजिन जुळवून काढला जायचा, दुसरा नळी बदलून काढला जातो. पहिला आवाज ही एक कारागिरी होती, ती कुठल्या पुस्तकात लिहिलेली नाही, आणि ती ज्यांच्या हातात होती ते लोक आता सत्तरी-पंचाहत्तरीत आहेत. स्थानिक इतिहासाच्या मंडळानं वाडे आणि शिलालेखांबरोबर याचीही नोंद घ्यावी, म्हणून हा खटाटोप.

इंजिन कुठलं, कधीचं

‘बुलेट’ हे नाव इंग्लंडमधल्या रेडिच गावच्या रॉयल एन्फिल्ड कंपनीनं १९३२ च्या अखेरीस आपल्या मोटारसायकलींना दिलं. पण आपण जिला बुलेट म्हणतो ती दुसऱ्या महायुद्धानंतरची. १९४८ साली तिचे नमुने स्पर्धेत उतरले आणि १९४९ पासून ती बाजारात आली. पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीला भारतीय लष्करानं सरहद्दीवरच्या गस्तीसाठी ही गाडी निवडली. मद्रास मोटर्स ही तिची इथली विक्रेती. १९५५ साली तिच्या भागीदारीत ‘एन्फिल्ड इंडिया’ उभी राहिली आणि मद्रासजवळ तिरुवोट्टियूरला कारखाना झाला. सुरुवातीला रेडिचहून सुटे भाग यायचे आणि इथे नुसती जोडणी व्हायची. १९५७ साली हे भाग बनवण्याची हत्यारं आणि साचेही मद्रासला आले, आणि साठच्या दशकाच्या सुरुवातीपासून गाडी पूर्णपणे इथेच बनू लागली.

पुढे गंमत अशी झाली की मूळ घर बुडालं आणि दत्तक घर टिकलं. रेडिचचा कारखाना १९६७ साली बंद झाला, ब्रॅडफर्ड-ऑन-एव्हनचा १९७० साली. मद्रासला मात्र तेच इंजिन फार मोठा फरक न होता बनत राहिलं. सहा व्होल्टचं बारा व्होल्ट झालं, मॅग्नेटो जाऊन बॅटरी-कॉइल आली, कार्बोरेटर बदलले, पण ब्लॉक बिडाचाच, पिस्टनचा व्यास ७० मिलिमीटर आणि धाव ९० मिलिमीटर, एकूण ३४६ सीसी. २०१० च्या सुमारास उत्सर्जनाचे नियम कडक झाल्यावर हे इंजिन थांबलं. म्हणजे भारतात याचं आयुष्य साधारण पंचावन्न वर्षांचं. एवढ्या काळात बाप, मुलगा आणि नातू अशा तीन पिढ्यांच्या मिस्त्रींनी तेच इंजिन खोललं आणि बसवलं. कारागिरी साठायला एवढी सलगता लागतेच.

बेळगावला तर याला दुहेरी जमीन होती. एकीकडे कॅम्प आणि मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र, त्यामुळे लष्करी गाड्या, त्यांचे फिटर आणि लिलावात निघणाऱ्या गाड्या. दुसरीकडे कारखानदारीची जुनी ओढ. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली सायकलचं दुकान काढलं ते याच गावात, आणि पुढे उद्यमबागेत फाउंड्र्या आणि लेथ उभे राहिले. बीड ओतणारा, ब्लॉक बोअर करणारा आणि बुश कातणारा माणूस सायकलच्या अंतरावर मिळायचा. माझ्या लहानपणी आमच्या भागात बुलेट म्हटलं की तीन माणसं डोळ्यांसमोर यायची : फौजेतून निवृत्त झालेले सुभेदार, पोलिस फौजदार, आणि ऊस किंवा तंबाखूचा बागायतदार. तिघांनाही गाडी पळवायची नसायची. गाडी आली हे चार घरं आधी कळलं पाहिजे, एवढीच अपेक्षा.

ठोक्याचं गणित

आता थोडं इंजिनियरिंग. कंटाळा करू नका, यातच सगळी मेख आहे.

चार स्ट्रोकच्या एका सिलिंडरच्या इंजिनात क्रँकचे दोन फेरे झाले की एकदा धूर बाहेर पडतो. म्हणजे दोन फेऱ्यांना एक ठोका. इंजिन मिनिटाला ६०० फेरे घेत असेल तर मिनिटाला ३०० ठोके, सेकंदाला पाच. मिनिटाला ५०० फेरे असतील तर सेकंदाला चारच्या जरा वर. आपला कान सेकंदाला चार-पाच ठोके सुटे सुटे ऐकतो, मोजू शकतो, त्यांना ताल धरू शकतो. हेच ठोके सेकंदाला वीसच्या आसपास गेले की ते एकमेकांत मिसळून एक सलग घरघर होते. बुलेटच्या बाबतीत ही सीमा २४०० फेऱ्यांपाशी येते. म्हणून रस्त्यावर पळणाऱ्या बुलेटचा आवाज तितका खास नसतो. खास असतो तो उभ्या गाडीचा, किंवा दुसऱ्या गिअरमध्ये हळूहळू गल्लीत शिरणाऱ्या गाडीचा.

तुलना करा. शंभर सीसीची साधी गाडी उभी असताना १४०० च्या आसपास फिरते. तिचे सेकंदाला अकरा-बारा ठोके होतात, ते कानाला एकेक मोजता येत नाहीत. जावा किंवा येझदी दोन स्ट्रोकची, तिथे प्रत्येक फेऱ्याला ठोका, म्हणजे त्याच वेगाला दुप्पट. तिचा ‘डिंग-डिंग’ वेगळाच, त्याचेही भक्त आहेत, पण तो या टिपणाचा विषय नाही.

मग प्रश्न असा की बुलेट ५०० फेऱ्यांवर बंद न पडता कशी उभी राहते? इथे तिची जुनी घडण कामाला येते. धाव लांब असल्यामुळे क्रँककेस मोठं, त्यात दोन जडशीळ फ्लायव्हील. एका ठोक्यापासून पुढच्या ठोक्यापर्यंतच्या दोन फेऱ्यांपैकी दीड फेरा इंजिनाला नुसत्या साठवलेल्या जोरावर काढावा लागतो, ते काम हे वजन करतं. शिवाय कॉम्प्रेशन कमी, मूळ इंजिनात साडेसहास एक. दाबाची चढण कमी असली की पिस्टन सावकाशही वर चढून जातो. हलकं फ्लायव्हील आणि नऊ-दहास एक कॉम्प्रेशन असलेलं आजचं इंजिन एवढ्या कमी वेगावर ठेवाल तर ते चढणीवरच दम तोडेल.

आता ठोक्याचा पोत. एक्झॉस्ट व्हॉल्व उघडतो तेव्हा सिलिंडरमध्ये अजून दाब शिल्लक असतो. तो एकदम सुटतो, तोच ठोका. त्यात दोन भाग असतात : एक खालच्या पट्टीतला ‘धप’ आणि एक वरच्या पट्टीतला ‘फट’. सायलेन्सरमधली जाळी, कप्पे आणि काचलोकर मुख्यतः वरची पट्टी खातात. खालची पट्टी त्यातून बरीचशी निसटते. याचा अर्थ नीट लक्षात घ्या. ज्याला आपण बुलेटचा भरदार ठोका म्हणतो तो सायलेन्सर असल्यामुळे ऐकू येतो. सायलेन्सर पोकळ केला की ‘फट’ एवढा वाढतो की ‘धप’ त्यात बुडून जातो. ठोका वाढवायला म्हणून जाळी काढणारा माणूस ठोकाच घालवून बसतो.

मिस्त्री काय करायचे

मी गेल्या काही वर्षांत बेळगाव शहर, खानापूर आणि निपाणीकडच्या जुन्या बुलेट मिस्त्रींशी बोललो. त्यांची नावं इथे देत नाही, त्यातल्या काहींना ती नकोच आहेत. एकानं पहिल्याच भेटीत बजावलं, “साहेब, आवाज काढायचा नसतोय. गाडी बरोबर लागली की आवाज येतोय.” ही त्यांची सगळी तत्त्वमीमांसा. ‘गाडी लावणे’ हा त्यांचा शब्द, तंबोरा लावतात तसा. त्यात काय काय यायचं ते मी क्रमानं मांडतो.

पहिलं टॅपेट. या इंजिनाचे पुशरॉड उजव्या अंगाला एका झाकणाखाली असतात. इंजिन थंड असताना रॉड बोटानं सहज फिरला पाहिजे, पण वर-खाली हलता कामा नये. एक्झॉस्टचा टॅपेट सैल राहिला तर व्हॉल्व उशिरा उघडतो, लवकर मिटतो, आणि वर टिकटिक ऐकू येते. काही जण मुद्दाम किंचित सैल ठेवायचे, कारण त्यामुळे दोन्ही व्हॉल्व एकाच वेळी उघडे राहण्याचा काळ घटतो आणि गाडी हळू वेगावर स्थिर होते. पण टिकटिक ठोक्यावर चढते, म्हणून जाणते मिस्त्री हे करायचे नाहीत.

दुसरं टायमिंग, आणि हाच खरा प्राण. पिस्टन सर्वांत वर पोचण्याच्या साधारण ०.८ मिलिमीटर आधी पॉइंट उघडले पाहिजेत, असं या इंजिनाचं माप आहे. गॅरेजमध्ये हे मोजायला डायल गेज कुणाकडे नव्हता. प्लगच्या भोकातून सायकलचा आरा किंवा स्क्रू ड्रायव्हर सोडून पिस्टनचा माथा हाताला कळायचा. पॉइंटच्या फटीत सिगारेटच्या पाकिटातला पातळ कागद धरायचा आणि क्रँक फिरवताना कागद सुटला की पॉइंट उघडले. शिवाय हेडलाइटच्या डोक्यावरचा अँपिअरचा काटा होताच. पॉइंट मिटले की तो एका बाजूला झुकतो, उघडले की मध्यावर येतो. बुलेटला किक मारण्याआधी काटा मध्यावर आणायचा ही रीत अनेकांना माहीत असेल. गाडी सावकाश चालू असताना हाच काटा ठोक्याबरोबर डोलतो. निपाणीकडचे एक मिस्त्री आवाजापेक्षा काट्याच्या डोलण्यावर जास्त भरवसा ठेवत. काटा समान अंतरानं डोलला की ठोके समान.

टायमिंगच्या बाबतीत मला दोन घराणी सापडली. एक घराणं पॉइंटची प्लेटच थोडी मागे फिरवायचं, म्हणजे ठिणगी उशिरा पाडायचं. यानं जळण उशिरापर्यंत चालू राहतं, व्हॉल्व उघडताना दाब आणि उष्णता जास्त शिल्लक असते, आणि ठोका जड येतो. पण पूर्ण टायमिंगच मागे गेल्यामुळे रस्त्यावर गाडी ओढत नाही, पेट्रोल पिते, बेंड पाइप निळा पडतो, आणि हळूहळू एक्झॉस्टचा व्हॉल्व जळतो. दुसरं घराणं प्लेटला हात लावायचं नाही. ते आत जाऊन अॅडव्हान्सच्या वजनांचे दोन स्प्रिंग बघायचं. हे स्प्रिंग ताणले गेले की गाडी हळू असतानाही ठिणगी पुढे सरकलेली राहते, ‘रेस उतरत नाही’ असं गिऱ्हाईक म्हणतं ते हेच. स्प्रिंग नवे घातले की हळू असताना ठिणगी जागेवर येते आणि वेग घेतल्यावर व्हायची तेवढी पुढे सरकते. ठोकाही मिळतो आणि ओढही राहते. दोन्ही घराण्यांचं फळ चौकात उभं असताना सारखंच ऐकू येतं. फरक सुतगट्टीचा घाट चढताना कळायचा.

तिसरं पॅकिंग. ब्लॉकच्या खाली एकाऐवजी दोन पॅकिंग घातले की कॉम्प्रेशन उतरतं. मी आकडा काढून पाहिला : व्यास ७० मिलिमीटर धरला तर एक मिलिमीटर जादा जाडीनं साडेसहाचं कॉम्प्रेशन ६.२ च्या आसपास येतं. कागदावर किरकोळ वाटतं, पण किकला आणि ठोक्याला ते जाणवतं. म्हाताऱ्या मालकांच्या गाडीला हे केलं जायचं, किक मारताना गुडघ्याला झटका बसू नये म्हणून. आवाज मऊ आणि सावकाश झाला हा वरचा नफा.

चौथं कार्बोरेटर. एअर स्क्रू अर्धा-पाव फेरा आत घेऊन मिश्रण जरा जाड करायचं आणि मग स्लोचा स्क्रू हळूहळू मागे घ्यायचा. दोन स्क्रूंचा हा खेळ आळीपाळीनं चालतो. इंजिन पूर्ण तापल्याशिवाय करायचा नाही. एक मिस्त्री तर गिऱ्हाइकाला सांगायचे की गाडी दहा मैल फिरवून आण, मग लावतो. बिडाचा ब्लॉक तापायला वेळ घेतो, आणि थंड इंजिनावर लावलेला ठोका तापल्यावर बदलतो.

पाचवं, आणि याला फारसं कुणी महत्त्व देत नाही, ते म्हणजे सांधे. बेंड पाइप हेडमध्ये बसतो तिथे गळती असेल तर बाहेरची हवा आत ओढली जाते आणि उतारावर थ्रॉटल सोडला की फटाके वाजतात. बेंड आणि सायलेन्सरच्या जोडावर अॅस्बेस्टॉसचा दोर गुंडाळून क्लँप आवळायचा. ठोका स्वच्छ यायला एवढ्यानंही पुष्कळ फरक पडायचा.

हे पाचही बदल फुकटात किंवा फार तर पॅकिंग-स्प्रिंगच्या पैशात होतात. बाहेरून गाडी जशीच्या तशी. म्हणून याची पावती नाही, जाहिरात नाही, फोटो नाही. इतिहासाच्या दृष्टीनं ही अडचणच म्हणायची.

या ठोक्याची किंमत

गौरवगीत गाऊन थांबणं मला पटत नाही. सावकाश ठोक्याला यंत्राच्या बाजूनं मोल द्यावं लागायचं, आणि ते नोंदवायला हवं.

या इंजिनाचा तेलाचा पंप क्रँकच्या टोकावरच्या वर्मवरून चालतो. म्हणजे इंजिन जितकं हळू, पंप तितका हळू. त्यातून जुन्या इंजिनाच्या कनेक्टिंग रॉडच्या मोठ्या टोकाला रोलर नसून तरंगता बुश होता, आणि बुश जगतो तो तेलाच्या पातळ थरावर. चारशेच्याही खाली ठोका उतरवून तासभर लग्नाच्या मांडवापुढे गाडी उभी ठेवली की तेल कमी पडायचं आणि एक दिवस खालून ‘खट-खट’ सुरू व्हायची. मग क्रँक खोलणे, बुश कातणे, महिनाभर गाडी गॅरेजात. “ठोका ऐकायचा तर बुशाचं पैसं बाजूला ठेवायचं,” असं एका मिस्त्रीनं हसत सांगितलं. त्यांच्याच गॅरेजात नियम होता : ठोका सहाशेच्या खाली लावून मागणाऱ्याला परत पाठवायचं. तुम्हाला घड्याळावर मोजता येईल असा त्यांचा हिशेब होता : पंधरा सेकंदांत पंचाहत्तर ठोके. पंधरा सेकंदांतल्या ठोक्यांना आठनं गुणलं की मिनिटाचे फेरे मिळतात, पंचाहत्तर आठे सहाशे. आकडेमोड बरोबर आहे, मी तपासली. शाळा चौथीपर्यंत झालेल्या माणसानं टॅकोमीटरशिवाय हे बसवलं होतं.

सायलेन्सरचा बाजार

आता दुसऱ्या आवाजाकडे येऊ. कुठल्याही मोठ्या गावात बुलेटच्या सामानाच्या दुकानात जा, भिंतीवर टांगलेले सायलेन्सर दिसतील : लाँग बॉटल, शॉर्ट बॉटल, मेगाफोन, गोल्डस्टार, डॉल्फिन, पंजाब, इंदोरी. यातल्या काही नावांमागे खरा इतिहास आहे.

‘गोल्डस्टार’चंच बघा. इंग्लंडमध्ये ब्रुकलँड्स इथे मोटारशर्यतींचा एक काँक्रीटचा मार्ग होता. तिथे ताशी १०० मैलांहून जास्त वेगानं फेरी मारणाऱ्या मोटारसायकलस्वाराला सोन्याचा छोटा तारा मिळायचा. १९३७ साली वॉल हँडली यानं बीएसए गाडीवर तो मिळवला, आणि कंपनीनं पुढच्या मॉडेलचं नावच ‘गोल्ड स्टार’ ठेवलं. पुढे पन्नासच्या दशकात त्या गाडीचा निमुळता सायलेन्सर प्रसिद्ध झाला. वेग सोडताना तो चिवचिवाट केल्यासारखा वाजायचा. त्या आकाराची नक्कल आज आपल्याकडे पत्र्याच्या दुकानात त्याच नावानं मिळते.

आणि याच ब्रुकलँड्सला, आसपासच्या रहिवाशांनी आवाजाविरुद्ध कोर्टबाजी केल्यावर, १९२४ च्या सुमारास शर्यतीच्या गाड्यांनाही ठरावीक मापाचा सायलेन्सर सक्तीचा झाला होता. ‘ब्रुकलँड्स कॅन’ म्हणून तो ओळखला जातो, माशाच्या शेपटीसारखं त्याचं टोक. शेजाऱ्यांची झोप आणि फटफटीवाल्यांची हौस यांचं भांडण शंभर वर्षं जुनं आहे, आणि त्यातून मार्ग निघाला तोही सायलेन्सरचाच.

आपल्याकडचा बाजार गेल्या वीसेक वर्षांत फुगला. याचं एक कारण स्पष्ट आहे. नव्या इंजिनात अॅल्युमिनियमचा ब्लॉक आला, टॅपेट हायड्रॉलिक झाले, इग्निशन इलेक्ट्रॉनिक झालं. मिस्त्रीनं फिरवायच्या जागाच उरल्या नाहीत. प्लेट नाही, पॉइंट नाही, स्प्रिंग नाही. गिऱ्हाइकाला मात्र वडिलांच्या गाडीचा आवाज हवा. मग बदलता येण्यासारखी एकच गोष्ट उरली, नळी. इंजिन जुळवण्याची जागा नळी बदलण्यानं घेतली, ती अशी. त्यापुढची पायरी म्हणजे चालत्या गाडीची किल्ली क्षणभर बंद करून परत चालू करणं. तेवढ्यात न जळलेलं मिश्रण तापलेल्या सायलेन्सरमध्ये जमतं आणि एकदम पेटून फटाका वाजतो. यात इंजिनाचा ठोका कुठेच नाही. जुन्या मिस्त्रींना याचा किती राग येतो ते छापण्याजोगं नाही.

कायदा काय म्हणतो

वारसाप्रेमी मंडळींनी ही बाजूही नीट माहीत करून घ्यावी. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम १२० सांगतो की प्रत्येक वाहनाला सायलेन्सर हवा आणि त्यानं आवाज शक्य तितका कमी केला पाहिजे. १७५ सीसीच्या वरच्या मोटारसायकलींना कारखान्यातून निघताना ८० डेसिबलची मर्यादा आहे. १९८८ च्या मूळ कायद्याचं कलम ५२ नोंदणीतल्या तपशिलाशी विसंगत बदल करू देत नाही, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलाला पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद आहे. अनेक शहरांत पोलिसांनी जप्त केलेले सायलेन्सर रस्त्यावर मांडून त्यावर रोडरोलर फिरवल्याच्या बातम्या आपण वाचतोच.

मला त्यात गैर वाटत नाही. दवाखान्यासमोर फटाके वाजवणं ही हौस नव्हे. पण यातून एक तोटा होतोय. लोकांच्या मनात ‘बुलेटचा आवाज’ म्हणजे हा फटाकाच, असं समीकरण बसतंय. वर सांगितलेल्या पाच गोष्टी मूळ सायलेन्सर जागेवर ठेवून केल्या जायच्या. तसा लावलेला ठोका दहा-पंधरा पावलांवर बसलेल्या माणसाच्या गप्पा थांबवत नाही. दोन्हींना एकाच पारड्यात टाकलं तर उद्या जुन्या मिस्त्रीच्या कामाची नोंद करायलाही कुणाला लाज वाटेल.

आवाज कुणाचा

आवाजाला मालक असतो का, हा प्रश्न अमेरिकेत कोर्टकचेरीच्या दारापर्यंत गेला होता. हार्ले-डेव्हिडसन कंपनीनं १९९४ साली आपल्या व्ही आकाराच्या जोड-सिलिंडर इंजिनाचा आवाज व्यापारचिन्ह म्हणून नोंदवायला अर्ज केला. त्या इंजिनात दोन्ही कनेक्टिंग रॉड एकाच क्रँकपिनवर असतात आणि सिलिंडरांत ४५ अंशांचा कोन असतो, त्यामुळे ठोके समान अंतरानं पडत नाहीत, लंगडी घातल्यासारखे येतात. इतर कंपन्यांनी हरकत घेतली की असं इंजिन बनवलं तर आवाज असाच येणार, ती कुणा एकाची मालमत्ता कशी? वाद सहा वर्षं चालला आणि २००० साली हार्लेनं अर्ज मागे घेतला.

बुलेटच्या बाबतीत मी याच हरकतीचा युक्तिवाद पुढे नेईन. ९० मिलिमीटर धाव, जड फ्लायव्हील आणि कमी कॉम्प्रेशन ही कारखान्याची देणगी. पण एकाच कारखान्यातून निघालेल्या दोन बुलेट शेजारी उभ्या केल्या तरी त्यांचे ठोके वेगळे असायचे, कारण त्या दोन वेगळ्या हातांनी लावलेल्या असायच्या. टिळकवाडीच्या रेल्वे फाटकाशी थांबलेल्या गाडीचा ठोका ऐकून ती कुठल्या गॅरेजची, हे सांगणारे लोक होते. २०२० नंतरचं नवं ३४९ सीसीचं इंजिन ७२ बाय ८५.८ मिलिमीटरचं आहे, त्यात थरथर मारण्यासाठी वेगळा बॅलन्सर शाफ्ट आहे, आणि गाडी म्हणून ते सरस आहे यात वाद नाही. पण त्याचा आवाज कारखान्यात ठरतो आणि सगळ्या गाड्यांना सारखा येतो. त्यात गावाचा आणि मिस्त्रीचा वाटा नाही.

आपण काय करावं

तेव्हा मंडळाच्या वाचकांना चार कामं सुचवतो. वेळ कमी आहे, म्हणून स्पष्ट सांगतो.

एक, तुमच्या गावात बिडाच्या इंजिनाची बुलेट मूळ सायलेन्सरसह चालू असेल तर तिचा ठोका ध्वनिमुद्रित करा. इंजिन पूर्ण तापलेलं हवं, मोबाइल सायलेन्सरच्या टोकापासून दोन मीटर अंतरावर, एका बाजूला, दोन मिनिटं. पंधरा सेकंदांचे ठोके मोजून आठनं गुणा आणि आकडा सोबत लिहा.

दोन, गाडीचं साल, ब्लॉक कितव्या बोअरवर आहे (वीस थाऊ, चाळीस थाऊ), पॉइंट आहेत की काढून इलेक्ट्रॉनिक बसवलंय, एवढं टिपून ठेवा. याशिवाय नुसता आवाज निरुपयोगी आहे.

तीन, आणि सर्वांत महत्त्वाचं, लावणाऱ्या मिस्त्रीशी बोला. कागद कुठला वापरायचे, टॅपेट किती ठेवायचे, कुणाकडे शिकले, कॅम्पातल्या लष्करी वर्कशॉपात की दुसऱ्या गॅरेजात. त्यांचे शब्द त्यांच्याच बोलीत लिहा. ‘रेस उतरत नाही’, ‘गाडी दम खाते’, ‘ठोका फुटतोय’ हे तांत्रिक शब्दच आहेत, त्यांना शुद्ध मराठी करू नका.

चार, इंदूरकरांनो, सायलेन्सरच्या बाजारात तुमच्या शहराचं नाव चालतंय. तिथल्या पत्रा-कारागिरांच्या गल्लीचा इतिहास तुम्हीच लिहायला हवा. वडोदरा आणि हैदराबादच्या मंडळींनीही आपापल्या छावणीच्या आसपासच्या गॅरेजांची यादी करावी. लष्करी ठाणं आणि बुलेट मिस्त्री यांचं नातं फक्त बेळगावपुरतं नसणार.

किल्ल्याचा दगड शंभर वर्षं थांबेल. पॉइंटच्या फटीत सिगारेटचा कागद धरणारा हात तेवढा थांबणार नाही. मी भेटलेल्या मिस्त्रींपैकी दोघांनी दुकानं भाड्यानं दिली आहेत, एकाच्या हाताला आता कंप आहे आणि तो मुलाला कानानं सांगतो, मुलगा स्क्रू फिरवतो. येत्या पावसाळ्याआधी त्यांच्या गॅरेजात ध्वनिमुद्रण करायचं ठरवलं आहे. ज्यांच्याकडे जुनी गाडी आहे आणि दोन तास आहेत, त्यांनी मंडळाला कळवावं.